चौपन्न मुलांची एकच वही

पाचवी 'ब'मध्ये मुलं चौपन्न होती आणि वही एकच होती. म्हणजे मोजायला गेलं तर वह्याही चौपन्नच होत्या, खाकी कव्हरं घातलेल्या, नावाची लेबलं लावलेल्या. पण कुठलीही उघडा, आत तीच तारीख, तोच समास, तेच उदाहरण आणि उत्तराखाली तीच दुहेरी रेघ. मच्छिंद्र कोंढरे सर फळ्यावर लिहायचे आणि खाली चौपन्न पेनं ते उतरवून घ्यायची. एकदा सरांच्या हातून सातच्या जागी नऊ पडला, तर चौपन्न वह्यांत नऊ पडला. एकाही पोराने मान वर केली नाही. सरांनी त्या नवावर चौपन्न वेळा लाल पेनने बरोबरची खूण केली आणि घरी जाऊन जेवले. तपासणीला आलेले साहेब दहा वह्या उचलायचे, दहाही एकसारख्या बघून समाधानाने मान डोलवायचे आणि चहा घ्यायचे. बावीस वर्षं हे असं सुरळीत चाललं होतं. आपल्याकडे ह्याला शिकवणं म्हणतात आणि ह्याचा पगारही मिळतो.

मग सरांना तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं, आणि तिथे घात झाला.

स्वारगेटजवळच्या एका हॉलमध्ये दोनशे शिक्षक बसवले होते. समोर पडदा, पडद्यावर एक वाक्य : 'प्रत्येक मूल वेगळं असतं, म्हणून प्रत्येकाला वेगळं शिकवा.' हे वाक्य दोनशे जणांना एकाच वेळी, एकाच आवाजात, तीन दिवस वाचून दाखवलं गेलं. ज्यांना शेवटच्या रांगेत ऐकू येत नव्हतं त्यांनाही आणि ज्यांना ते पाठ झालं होतं त्यांनाही. एकशे नव्व्याण्णव जणांना बरोबर समजलं, की हे सहीसाठी आणि फोटोसाठी आहे. कोंढरे सरांना मात्र ते खरं वाटलं. पन्नाशीला आलेल्या माणसाचं असं काहीतरी होतंच. कुणी गच्चीवर टोमॅटो लावतो, कुणी गुडघे दुखत असताना सिंहगड चढायला घेतो. कोंढरे सर शिकवायला लागले.

तरीही गोष्ट विचारापुरतीच राहिली असती, पण मध्ये त्यांच्या बायकोची साडी आली.

साडी पोपटी होती, जरीच्या काठाची, भाच्याच्या लग्नासाठी घेतलेली, आणि फॉल-पिकोला टाकलेली. "येताना साडी झाली का बघा," असं बायको आठवडाभर सांगत होती आणि सर आठवडाभर विसरत होते. शेवटी एका संध्याकाळी ते दुकानात गेले. बिबवेवाडीच्या उतारावर, दोन मोबाइलवाल्यांच्या मध्ये, एक मशीन आणि एक स्टूल मावेल एवढं दुकान. चालवणाऱ्या कौशल्याबाई मूळच्या परभणीकडच्या. स्टुलावर त्यांची मुलगी बसली होती. अपेक्षा. पाचवी 'ब', हजेरी क्रमांक एक्कावन्न. अपूर्णांकांच्या चाचणीत ह्या मुलीला शून्य मिळालं होतं. तीन छेद चार लिहायला सांगितलं की ती चार छेद तीन लिहायची. एकवीसचे बारा करायची. तिच्या वहीत सरांनी स्वतः 'लक्ष नाही' असं लिहिलेलं होतं. लाल पेनने, अधोरेखित.

"अपे, पाऊण मीटर अस्तर काप," कौशल्याबाई मशीनवरून मान न काढता म्हणाल्या.

मुलीने अंदाजाने मीटरभर कापड ओढलं, दोनदा घडी घातली, एक घडी सोडली आणि कात्री चालवली. टेप लावलीसुद्धा नाही. गिऱ्हाईक बाईने संशयाने टेप लावून बघितली. बरोबर पाऊण.

"सव्वा मीटरचे तीन सारखे कर."

तेही झालं. सर पोपटी साडी विसरले.

"हिला अपूर्णांक येतात!" ते म्हणाले. आरोप केल्यासारखे.

"ते काय असतंय सर?" कौशल्याबाई म्हणाल्या. मग मशीन थांबवून, आवाज खाली आणून म्हणाल्या, "सर, आता पाचवीतपण नापास करतेत म्हणे. खरंय का?"

खरं होतं. वार्षिक परीक्षेत गेली तर एक फेरपरीक्षा, त्यातही गेली तर पुन्हा पाचवी.

"मीपण पाचवीलाच बसले होते," कौशल्याबाई म्हणाल्या. "त्या वर्षी वडलांनी मशीनवर बसवलं. अजून उठले नाही बघा. हिचे पप्पा आताच म्हणायलेत, नापास झाली तर कशाला पाठवायची. लेकराचा हात चांगला आहे ना सर, म्हणूनच भ्या वाटतंय. हात चांगला असला की घरचे लवकर बसवतेत."

सर साडी न घेताच घरी आले. त्याबद्दल बायको जे बोलली ते बोलली. पण कोंढरे सरांचं लक्ष नव्हतं. ज्याने दुसऱ्याच्या वहीत लाल पेनने 'लक्ष नाही' लिहिलं, त्याच्या वहीत तरी दुसरं काय लिहायचं?

पुढच्या सोमवारी त्यांनी वर्गाचे तीन भाग केले. ज्यांना फळ्यावरून समजतं त्यांना फळ्याची उदाहरणं, जरा अवघडच. ज्यांना बोलून समजतं त्यांनी जोडीजोडीने एकमेकांना उदाहरण गोष्टीसारखं सांगायचं. आणि ज्यांना हाताने समजतं त्यांना कापडाच्या पट्ट्या, घड्या घालायला. हुशार, मध्यम, ढ असं काही कुणाच्या मनात येऊ नये म्हणून सरांनी रात्रभर नावांचा विचार केला. फुलांची नावं नकोत, कारण गुलाब आणि झेंडू म्हटलं की पुण्यात लगेच कळतं. नद्यांची नकोत, मुठेच्या गटात कुठला पालक मूल घालेल? शेवटी त्यांनी जगातली सगळ्यांत निरुपद्रवी नावं शोधली : खिडकीकडचे, मधले आणि दाराकडचे. पट्ट्यावाले दाराकडे, कारण तिथे जमिनीवर पसरायला जागा होती. एवढंच कारण. शप्पथ एवढंच.

जिन्यात हिंदुराव काका भेटले. खालच्या मजल्यावर राहतात, खडकीच्या फॅक्टरीत दारूगोळ्यावर पस्तीस वर्षं काढून निवृत्त झालेत, आणि तेव्हापासून सोसायटीच्या जिन्यावर ड्युटी करतात.

"काय कोंढरे, वर्गाचे तुकडे केले म्हणे?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आमची नात तुमच्या शाळेत, पाचवी 'अ'मध्ये आहे. अहो, आमच्याकडे पेटीत एक जरी नग वेगळा निघाला ना, तर अख्खी पेटी बाजूला काढायचो. सगळे सारखे निघाले पाहिजेत. ह्याला काम म्हणतात."

"काका, तुम्ही काडतुसं करत होतात."

"म्हणूनच सांगतो. काडतुसं निदान आईबापांना घेऊन भांडायला येत नाहीत."

सरांना हे हसण्यावारी नेण्यासारखं वाटलं. बुधवारपर्यंत वाटलं.

बुधवारी ऋषी नावाच्या मुलाला ताप आला. मूल घरी राहिलं की त्या दिवशीच्या वहीचा फोटो मागायचा आणि संध्याकाळी मुलाकडून तो जसाच्या तसा उतरवून घ्यायचा, हा आपल्याकडचा नियम. पोराला खोकल्याच्या औषधाबरोबर तारीख, समास आणि दुहेरी रेघ द्यावीच लागते. त्याप्रमाणे ऋषीच्या आईने, शेफाली मॅडमनी, आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं : 'हाय ऑल, ऋषीला फीवर आहे. आजचा क्लासवर्क पाठवता का प्लीज?'

पहिल्या आईने फोटो टाकला. दुसऱ्या आईने फोटो टाकला. तिसरीने टाकला. तिन्ही फोटो वेगळे होते.

पाच मिनिटं ग्रुपवर शांतता होती. एवढी शांतता त्या ग्रुपवर गणपतीच्या सुट्टीतही नसते. मग सुरू झालं.

'हे उदाहरण माझ्या मुलीच्या वहीत नाहीच!'

'आमच्या वहीत नुसती एक पट्टी चिकटवलीये. हा क्लासवर्क आहे?'

'खिडकीवाल्यांना स्कॉलरशिपचं शिकवतात वाटतं वेगळं.'

'मग दारवाले कोण?'

'नावावरूनच कळतंय की. बाहेर जायच्या मार्गावर.'

रात्रीपर्यंत दोनशे चौदा संदेश झाले. शेफाली मॅडमनी सावधपणा म्हणून तापातल्या ऋषीकडून तिन्ही क्लासवर्क उतरवून घेतले. त्याचा ताप एकशे दोनवर गेला. तो उदाहरणांनी गेला की विषाणूने, हे अजून ठरायचं आहे.

आठवडाभरात शाळेत अर्ज येऊ लागले. एका मुलाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी लेखी दिलं, की त्याला खिडकीचा उजेड आवश्यक आहे. दुसऱ्याला दाराच्या वाऱ्याने सर्दी होते. एका आईने वास्तूचा मुद्दा काढला, दार दक्षिणेला आहे. मधल्यांच्या पालकांनी काहीच लिहिलं नाही. मध्यमवर्ग असाच गप्प असतो, दोन्हीकडे बघत. आणि साईनाथशेठ जातीने आले.

साईनाथशेठ म्हणजे जुन्या गावठाणातले जमीनदार, आता बिल्डर. गळ्यात साखळी, हातात दोन फोन. त्यांचा पृथ्वीराज वर्गात पहिला येत असे. चौदापर्यंतचे पाढे, तिन्ही पुस्तकांतली सगळी उत्तरं, स्वल्पविरामासकट पाठ. पण सरांनी त्याला सहज विचारलं होतं, की एका पोळीचा एक छेद चार मोठा की एक छेद आठ. पृथ्वीराज ठणकावून म्हणाला, एक छेद आठ, कारण आठ मोठे. सरांनी त्याला दाराकडे बसवलं.

"सर," साईनाथशेठ म्हणाले, "आमचा पृथ्वी दाराकडं? फाडलेल्या चिंध्यांच्या घड्या घालतोय? अवो, ह्या शाळेची जागा आमच्या आज्यानं दिलेली हाय. ते दारबी आमच्याच जागंत हाय."

"मग तर तो आपल्याच जागेत बसलाय की शेठ," सर म्हणाले. पुण्यात बावीस वर्षं शिकवलं की असं तोंडातून आपोआप निघतं. निघाल्यावर कळतं, की निघायला नको होतं.

मुख्याध्यापिका सत्यशीला मॅडमनी सरांना केबिनमध्ये बोलावलं. बाई शिस्तीच्या. मुलींच्या दोन वेण्या, दोन लाल रिबनी, रिबन नसेल तर मैदानाला एक फेरी. मुलांचे केस कानावर आले तर कात्री त्यांच्या टेबलातच असायची.

"कोंढरे सर, तुम्ही वेगळं शिकवता ते मला मान्य आहे. प्रशिक्षणाचा फोटो मीच पाठवलाय. पण दिसायला सारखं दिसू दे ना. परवा तपासणीला पर्यवेक्षक साहेब आले, दहा वह्या उचलल्या, तीन तऱ्हा निघाल्या. 'एकवाक्यता नाही' असा शेरा दिलाय. बावीस वर्षांत पहिला शेरा."

"मॅडम, पण त्यांच्याच खात्याने सांगितलंय, वेगळं शिकवा म्हणून."

"सांगितलंय ना. त्याची माहिती ऑनलाइन भरायची आहे. हे बघा."

पडद्यावर तक्ता होता. 'वर्ग : ५ वी ब. विद्यार्थ्यांची अध्ययन गरज.' आणि खाली कंसात बारीक अक्षरांत : 'संपूर्ण वर्गासाठी एकच पर्याय निवडा.'

सरांनी तो कंस दोनदा वाचला. चौपन्न मुलं त्यांना आजवर कधी इतकी सारखी दिसली नव्हती.

शनिवारी पालकसभा बोलावली. पर्यवेक्षक साहेबही आले, पुढच्या खुर्चीत, पाण्याच्या बाटलीसह. सरांनी आदल्या दिवशी भाषण लिहिलं होतं, पण उभं राहिल्यावर ते वाचवेना. त्यांनी पिशवीतून पट्ट्या काढल्या आणि प्रत्येक पालकाला एक दिली.

"ह्याचा पाऊण करून दाखवा. प्रश्न सोपाय, पाचवीचा."

सभागृहात जे झालं ते बघण्यासारखं होतं. कौशल्याबाई दाराशी उभ्या होत्या, त्यांनी बोलणं संपायच्या आत घडी घालून पदराखाली ठेवली, जणू चोरी केली. शेफाली मॅडम म्हणाल्या, "सर, कपात सांगा ना. थ्री फोर्थ कप मैदा मी डोळे झाकून घेते." पर्यवेक्षक साहेबांनी फोनवर कॅल्क्युलेटर उघडला आणि पट्टीकडे बघत बसले, कारण कॅल्क्युलेटरला पट्टी दाखवता येत नाही. साईनाथशेठ पट्टी उलटसुलट करून घामाघूम झाले.

"असं कापडात काय कळत नाय," ते शेवटी ओरडले. "गुंठ्यात इचारा! पाऊण गुंठा म्हणा, चारी कोपरं जाग्यावर दाखवतो!"

सगळे हसले. शेठही हसले. कोंढरे सरांनी शेठच्या हातातली पट्टी परत घेतली. ते म्हणाले, "बास. मला एवढंच सांगायचं होतं. ह्यांना गुंठ्यात कळतं, मॅडमना कपात, कौशल्याबाईंना घडीत. मुलांचंही असंच आहे." टाळ्या पडल्या. सरांना वाटलं, जिंकलो. आयुष्यात प्रथमच त्यांना स्वतःचा थोडा अभिमान वाटला, आणि तो पुरता वाटून व्हायच्या आत शेफाली मॅडम उभ्या राहिल्या.

"सर, मेथड खूपच छान आहे. सगळ्यांना आवडलीये. मग असं करा ना, सगळ्यांनाच तिन्ही द्या. म्हणजे कुणावर अन्याय नको."

"बरोबर!" मागून आवाज आले. "सगळ्यांना सगळं!"

"आणि वहीत एकाच क्रमाने," पर्यवेक्षक साहेब म्हणाले. "आधी फळा, मग गोष्ट, मग पट्टी. पट्टी डाव्या पानावर चिकटवावी. मी तसं नमूद करतो."

ठराव एकमताने झाला. वेगळेपणा मंजूर झाला आणि तो सगळ्यांनी सारखा पाळायचा ठरला. साहेबांनी चहा घेतला.

आठवड्याची उदाहरणं तीन, म्हणजे आता प्रत्येक वहीत तीन पट्ट्या. चौपन्न त्रिक एकशे बासष्ट पट्ट्या, सगळ्या एका लांबीच्या, सोमवारपर्यंत. सरांनी घरातले जुने शर्ट आणि एक फाटका पंचा पिशवीत भरला आणि कौशल्याबाईंकडे नेऊन टाकला. कौशल्याबाईंची पद्धत अशी, की आलेल्या पिशवीला टाचणीने चिठ्ठी लावायची आणि चिठ्ठीवर नाव. त्यांनी लावली : 'कोंढरे सर'. शेजारीच दुसरी एक पिशवी होती, तिच्यावरही चिठ्ठी होती : 'कोंढरे सर'. रविवारी कौशल्याबाई त्यांच्या नात्यातल्या एका लग्नाला गेल्या. पट्ट्या अपेक्षाने कापल्या. मुलगी मन लावून काम करणारी, सरांचं काम म्हणजे तर जास्तच. शर्ट आणि पंचा मिळून एकशे वीस पट्ट्या झाल्या. बेचाळीस कमी पडल्या. तिने दुसरी पिशवी उघडली. साडी तिला कळली, साडीला तिने हात लावला नाही. पण साडीला जोडलेला ब्लाऊजपीस होता, तो तिला जास्तीचा वाटला.

सोमवारी सरांनी वर्गात पट्ट्या वाटल्या. मध्येच एक पोपटी आली. मग आणखी एक. मग जरीची.

"सर, ही भारी आहे!" पृथ्वीराज म्हणाला. "ही मला!"

सरांना पोपटी रंग ओळखीचा वाटला. कुठे बघितलाय ते आठवायला त्यांना साधारण चार सेकंद लागले. पुढची चाळीस मिनिटं ते खुर्चीत बसून होते. मुलांनी डिंक लावून, बोटांनी दाबून, डाव्या पानावर जरीकाठ चिकटवला. एकूण एक पट्टी अगदी सारख्या लांबीची होती. तेवढं मात्र म्हणायला हवं.

घरी बायकोने शांतपणे ऐकून घेतलं. तेच जास्त भीतीदायक होतं.

"म्हणजे तुमच्या विद्यार्थ्यांच्या वहीत माझं ब्लाऊज आहे."

"सगळ्यांच्या नाही. बेचाळीसच पट्ट्या..."

"आणि ते तुम्ही लाल पेनने तपासणार."

भाच्याच्या लग्नात ती पोपटी साडीवर मरून ब्लाऊज घालून गेली आणि जो विचारेल त्याला, "ह्यांना विचारा," एवढंच सांगत राहिली. सरांनी त्या लग्नात अपूर्णांक ह्या विषयावर सतरा वेळा खुलासा केला.

अपमानाचं एक बरं असतं, की एका मर्यादेनंतर तो आणखी होत नाही. लग्नानंतरच्या मंगळवारी सर वर्गात आले ते वेगळेच. दार लावून ते मुलांना म्हणाले, "वही उलटी करा. मागच्या पानापासून उघडा."

मुलांना वहीची मागची पानं चांगली माहीत असतात. तिथे चित्रं असतात, फुल्या-गोळे असतात, शेजाऱ्याला द्यायचे निरोप असतात. खऱ्या गोष्टी सगळ्या मागूनच असतात.

"पुढून साहेबांची वही. तिथे फळा, गोष्ट, पट्टी, सगळ्यांची सारखी. दहा मिनिटांत उरकायची. मागून तुमची वही. तिथे ज्याला जसं कळतं तसं."

बास. एवढंच करायचं होतं, आणि एवढं सुचायला बावीस वर्षं, एक प्रशिक्षण आणि एक ब्लाऊजपीस लागला. पृथ्वीराजच्या मागच्या पानांवर प्लॉट निघाले. तो गुंठ्यांचे तुकडे पाडून कुठला मोठा ते बघू लागला आणि महिन्याभरात एक छेद आठ लहान का, हे बापाला जेवताना पटवून देऊ लागला. अपेक्षाच्या मागच्या पानांवर घड्या होत्या. आकडे तिचे अजून उलटायचे, पण सरांनी तिला एक खूण दिली होती : रेघेच्या खाली सगळ्या घड्या, रेघेच्या वर ठेवलेल्या घड्या. आधी घड्या मोज, मग लिही. हळू, पण ती लिहायला लागली. साहेब फेब्रुवारीत पुन्हा आले, दहा वह्या उचलल्या, दहाही एकसारख्या निघाल्या. 'उत्तम' असा शेरा देऊन गेले. वही उलटी करून बघावी असं त्यांना वाटलं नाही. वाटेल तरी कसं?

एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा आली. सरांना वाटलं होतं, अपेक्षा पट्ट्या घेऊन बसेल. पण दारातच सूचना लावलेली : 'लेखनसाहित्याव्यतिरिक्त कोणतेही साहित्य वर्गात नेण्यास मनाई.' पर्यवेक्षण दुसऱ्या वर्गाच्या बाईंकडे होतं. त्यांनी अपेक्षाच्या कंपासपेटीतल्या पट्ट्या काढून टेबलावर ठेवल्या. नियम तो नियम. त्यांचंही काही चुकलं नाही. नियम लावणाऱ्यांचं आपल्याकडे कधीच काही चुकत नाही.

स्वतःच्या वर्गाच्या पेपरला शिक्षकाला आत जाता येत नाही. कोंढरे सर व्हरांड्यात, खिडकीपासून जरा लांब उभे राहिले. एक्कावन्न नंबर शेवटून दुसऱ्या बाकावर होता. पहिले प्रश्न तिने लिहिले. मग तिचं पेन थांबलं. सरांना प्रश्नपत्रिका पाठ होती, तीच पाचवीच्या सगळ्या तुकड्यांना होती. प्रश्न चौथा, बारा गुणांचा : 'दोन छेद तीन आणि तीन छेद चार यांत मोठा अपूर्णांक कोणता? कारण द्या.' अशी सहा उदाहरणं. हे बारा गुण गेले, तर ती जाणार होती. सरांनी मनातल्या मनात तिची सगळी बेरीज केलेली होती.

अपेक्षाने टेबलावरच्या पट्ट्यांकडे बघितलं. मग खिडकीकडे. तिला सर दिसले. सरांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले. कुणाला खूण करायची नाही, हे त्यांनी बावीस वर्षं इतरांना शिकवलं होतं, आणि ते एक तरी खरं होतं. ते तसेच उभे राहिले, मान खाली घालून.

वर बघितलं तेव्हा अपेक्षाने एक वेणी सोडली होती.

लाल रिबन बाकावर ताणून ती तिच्या घड्या घालत होती. चार सारख्या. मग तिने दुसरी वेणी सोडली. दुसऱ्या रिबनीच्या तीन. दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या, एकीची एक घडी बाजूला केली, दुसरीची एक, आणि बोटाने उरलेलं मापलं. केस तोंडावर आले होते, तिला पत्ता नव्हता.

तेवढ्यात सत्यशीला मॅडमची फेरी आली. मोकळे केस त्यांना मैदानापलीकडूनही दिसतात. त्या तडक बाकाशी गेल्या. 

"रिबनी का सोडल्यास?"

मुलगी खोटं बोलू शकली असती. घट्ट झाल्या होत्या म्हणाली असती तर चाललं असतं. पण ती तिचं काम करत होती.

"पाऊण मोठं का ते बघते, मॅडम."

परीक्षेच्या बाई पुढे आल्या. "मॅडम, बाहेरचं साहित्य..."

सत्यशीला मॅडमनी रिबनींकडे बघितलं. मग अपेक्षाच्या पेपराकडे. मग एकदा खिडकीबाहेर, जिथे एक पन्नाशीचा माणूस हात मागे बांधून भिंतीतल्या खिळ्याकडे बघत उभा होता.

"बाहेरचं कुठे?" त्या म्हणाल्या. "रिबन गणवेशात आहे. माझाच नियम आहे." आणि मुलीकडे वळून म्हणाल्या, "झालं की बांध. शाळेत मोकळे केस चालत नाहीत."

पेपर सरांनीच तपासले. चौथ्या प्रश्नात उत्तरसूचीप्रमाणे मोठ्या-लहानाची चिन्हं हवी होती. अपेक्षाने चिन्ह काढायचं टाळलं होतं, ते उलटं पडेल ह्या भीतीने. तिने सहाही ठिकाणी शब्दांत लिहिलं होतं. पहिल्याच्या पुढे : 'पाऊण मोठं. कारण पाऊणला एक घडी कमी आहे पण ती बारकी आहे.' सरांनी ते तीनदा वाचलं. अपूर्णांकांवर इतकं सरळ वाक्य त्यांनी फळ्यावर कधी लिहिलं नव्हतं. त्यांनी बाराला बारा दिले, आणि उत्तरसूची खणात टाकली.

अपेक्षा पास झाली. काठावर, पण ह्या बाजूच्या. कौशल्याबाई निकालपत्र घ्यायला शाळेत आल्या. सही त्यांनी सावकाश, पूर्ण नावाने केली. मग पिशवीतून एक पुडा काढून सरांना दिला. त्यात पोपटी रंगाचं नवीन ब्लाऊज होतं, शिवलेलं. "कापड अपेनं बाजारात हिंडून जुळवलं. मापाचं काय, तुमच्या घरच्या मॅडमचं जुनं ब्लाऊज होतं आमच्याकडं." बायकोने ते बघितलं, घालून बघितलं आणि एवढंच म्हणाली, "लग्न झालं. पण बरं बसलंय."

सुट्टीनंतर पहिल्या दिवशी सर कौशल्याबाईंच्या दुकानावरून जात होते. दारात मोठी गाडी उभी होती. आत साईनाथशेठ, एक फोन कानाला, दुसरा काउंटरवर, आणि शेजारी पृथ्वीराज, मान खाली घालून.

"नाय नाय, लालच पायजे," शेठ कौशल्याबाईंना सांगत होते. "दोन. सारख्या लांबीच्या. आन् पक्क्या."

मग त्यांना सर दिसले.

"सर, हे बरं न्हाई बरं का. पोरींनाच रिबनी? परीक्षेत पोरींनी सोडायच्या आन् आमच्या पृथ्वीनं काय सोडायचं? मी मॅडमकडं अर्ज देणारंय. द्यायचं तर सगळ्यांना द्या."

कोंढरे सर थांबले. त्यांनी पृथ्वीराजकडे बघितलं, त्याच्या बारीक कापलेल्या केसांकडे बघितलं.

"द्या की शेठ," ते शांतपणे म्हणाले. "फक्त रिबन बांधायची कुठे, तेवढं अर्जात लिहा."